स्मरणार्थ सेवा: ठाणे-नवी मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीतल्या आमच्या मराठी मंडळीचा सेवागट मी गेली काही वर्षं सांभाळते. उपासना सुटल्यावर दारात उभ्या-उभ्या, ठाणे-वाशी लोकलमध्ये, कधी रात्री अकरा वाजता फोनवर लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवलेत. आमच्या गटात प्रोटेस्टंट जास्त, पण चरई-कोलबाडकडची कॅथलिक घरंही आहेत. म्हणून जिथे रीत वेगळी आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलंय.

१. स्मरणार्थ सेवा म्हणजे नेमकं काय करायचं असतं?

घरातलं जे माणूस प्रभूमध्ये निजलं, त्याच्या नावाने कुणाच्या तरी उपयोगी पडायचं, एवढंच. कुणी रुग्णालयात एक वेळचं जेवण नेतं, कुणी एखाद्या मुलीची शाळेची फी भरतं, कुणी रक्त देतं. एक काका दर महिन्याला तीन म्हाताऱ्यांची पेन्शनची कामं करून देतात, कारण त्यांचे वडील पोस्टात होते. गेलेल्या माणसाला काय आवडायचं, त्याचे हात कशात रमायचे, ते आधी आठवा. काय करायचं ते बहुतेक वेळा तिथूनच सुचतं.

माझी आई परिचारिका होती. ती म्हणायची, रुग्णाला भेटायला येणारा प्रत्येक जण सफरचंदं आणतो, पण व्हरांड्यात झोपणाऱ्या त्याच्या बायकोला अंगाचा साबण आणि कोरडी चादर कुणी आणत नाही. तिच्या दिवशी आम्ही साबण, टूथब्रश, खोबरेल तेलाची छोटी बाटली, कंगवा आणि चादर असं एकेक पुडकं नेतो.

२. बायबलमध्ये असं कुठे सांगितलंय? की ही आपणच काढलेली पद्धत?

नाव आपण दिलंय. गोष्ट मात्र शास्त्रातलीच आहे, आणि या पानावरचं सर्वांत महत्त्वाचं उत्तर मला हेच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मराठीत ‘आठवण आली’ म्हणजे डोळे भरून आले, एवढ्यावर भागतं. शास्त्रात देवाला कुणाची आठवण होते तेव्हा मागोमाग काहीतरी घडतं. देवाने नोहाची आठवण केली, वारा सुटला आणि पाणी ओसरू लागलं (उत्पत्ती ८:१). मिसरातल्या गुलामांचं कण्हणं ऐकून त्याला आपल्या कराराची आठवण झाली (निर्गम २:२४), आणि पुढच्याच अध्यायात जळत्या झुडपातून मोशेला हाक आली. परमेश्वराने हन्नाची आठवण केली आणि तिची कूस उजवली (१ शमुवेल १). आठवण करणं यासाठी तिथे ‘जाखार’ हा इब्री शब्द आहे, त्यात मनात आणणं आहे आणि हात पुढे करणंही आहे.

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने भाकर मोडली आणि म्हटलं, हे माझ्या स्मरणार्थ करा. ‘करा’ म्हटलं, ‘आठवा’ म्हटलं नाही. त्याच रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले (योहान १३). प्रभुभोजनाला आपण दर वेळी जातो, पण त्या घंगाळाकडे पुरेसं लक्ष देत नाही असं मला नेहमी वाटतं.

आणि दुर्कस. योप्पाची ही बाई वारली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने त्यांच्यासाठी शिवलेले अंगरखे दाखवू लागल्या (प्रेषितांची कृत्ये ९:३९). तिचं एकही वाक्य शास्त्रात नाही. तिने शिवलेल्या कपड्यांची नोंद मात्र राहिली.

३. म्हणजे आपण मेलेल्यांसाठी प्रार्थना करतो का? आमचे पाळकसाहेब नको म्हणतात.

तुमच्या मंडळीची शिकवण तीच धरा. कॅथलिक बांधव गेलेल्या आत्म्यांसाठी प्रार्थना करतात, त्यांच्या नावाने मिस्सा (चर्चमधली उपासना) सांगतात, २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या आणि फुलं घेऊन जातात. प्रोटेस्टंट मंडळ्यांत गेलेल्यांसाठी मागणी करत नाहीत. त्यांच्या आयुष्याबद्दल देवाचे आभार मानतात आणि मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करतात. सेवा दोघांनाही करता येते. ती केल्याने गेलेल्या माणसाला पुण्य लागतं असं कुणी समजू नये. तारण ख्रिस्ताच्या कृपेने मिळतं, आम्ही वाटलेल्या पुलावाने नाही.

४. दिवस कोणता धरायचा?

पुण्यतिथी, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, २ नोव्हेंबर, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस, यांतला कुठलाही. सुट्टी मिळत नसेल तर जवळचा शनिवार. तारखेवर अडून बसू नका.

५. आमच्याकडे पैसे नाहीत. मग?

गटातले निम्मे लोक एक रुपयाही देत नाहीत. कुणी भाजी चिरतं, कुणी रिक्षा चालवतं, कुणी रुग्णालयात नव्या माणसासोबत केसपेपरच्या रांगेत उभं राहतं. कोपरखैरण्याच्या एका आजींना घराबाहेर पडता येत नाही. त्या रोज संध्याकाळी एकट्या राहणाऱ्या दोघींना फोन करून ‘जेवलीस का’ विचारतात. आपल्या बहिणीच्या स्मरणार्थ करतात. मला ही सेवा फार मोठी वाटते.

६. कर्ज आहे, आईची औषधं महाग आहेत. दशमांश द्यायचा, सेवेला द्यायचं, की औषधं आणायची?

औषधं आणा. यावर प्रभू स्वतः बोललाय. आईवडिलांना जे द्यायचं ते ‘कुर्बान’ म्हणून देवाला वाहिलं असं सांगून हात झटकणाऱ्यांना त्याने खडसावलं (मार्क ७). घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौलाचे शब्दही कडक आहेत (१ तीमथ्य ५:८). आईची सेवा ही सेवाच आहे. तुमचं नाव आमच्या यादीत नाही म्हणून तुम्ही मागे पडलात असं अजिबात मानू नका.

७. रुग्णालयात जेवण द्यायचंय. थेट नेलं तर चालतं का?

नाही. पहिल्या वर्षी आम्ही तसंच केलं. मे महिना, पुलाव सकाळी नऊला पातेल्यात भरलेला, परवानगी घेतलेली नाही. फाटकावर दीड तास थांबलो आणि आत सोडलं तोवर पुलावाला वास सुटला होता. चाळीस माणसांचं अन्न टाकून द्यावं लागलं. चूक सर्वस्वी आमची होती. त्या दिवशी व्हरांड्यात वाट बघत बसलेली माणसं मला अजून आठवतात.

आता असं करतो. कळव्याचं किंवा वाशीचं महापालिका रुग्णालय असो, आठवडाभर आधी जाऊन समाजसेवा अधीक्षकांना भेटतो. किती माणसांसाठी, कोणत्या दारातून, किती वाजता, हे ते सांगतात. जेवण रुग्णांना देत नाही, सोबतच्या नातेवाइकांना देतो. रुग्णाला पथ्य असतं, कुणाला शस्त्रक्रियेआधी पाणीसुद्धा चालत नाही. चपाती-भाजी, उकडलेली अंडी आणि केळी हे सगळ्यांत बरं. उन्हाळ्यात भात, नारळ, दही टाळतो. शिजल्यापासून दोन तासांत वाटून संपवतो.

खारघरला टाटाच्या कर्करोग केंद्रात बाहेरगावचे रुग्ण महिनोन्‌महिने उपचार घेतात. तिथल्या कुटुंबांना एका वेळच्या जेवणापेक्षा महिन्याचं रेशन, मोठ्या माणसांचे डायपर, परतीचं तिकीट यांची गरज जास्त असते. तिथेही आधी विचारा, मग आणा.

८. जेवण देताना येशूबद्दल सांगायचं नाही का? नाहीतर आपल्यात आणि इतर संस्थांत फरक काय?

हा प्रश्न तळमळीने विचारला जातो, म्हणून उत्तरही मनापासून देते. अन्नासोबत पत्रक देत नाही. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही आणि भुकेला माणूस नाही म्हणू शकत नाही. अशा माणसापुढे केलेला उपदेश प्रभूच्या रीतीचा नव्हे. त्याने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं, एकच परत आला. बाकी नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही.

कुणी आपणहून विचारलं, ‘तुम्ही कोण, हे का करता?’ तर सांगा, साधेपणाने आणि न लाजता. कुणी ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हटलं तर हळू आवाजात, थोडक्यात करा. शेजारच्या खाटेवरच्याला त्रास होता कामा नये. फरक कशात असतो म्हणाल, तर आपण परत जातो त्यात. दुसऱ्या शनिवारी तोच चेहरा पाहिला की माणसं बोलू लागतात.

९. पुडक्यावर वडिलांचं नाव आणि फोटो छापला तर चालेल?

छापू नका. उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, ही आज्ञा आहे (मत्तय ६:३). शिवाय मेलेल्या माणसाचा फोटो लावलेलं अन्न खाणं आजारी घराला जड जातं. नाव आम्ही गटाच्या प्रार्थनेत घेतो. घेणाऱ्यांचे फोटो काढणं तर पूर्ण बंद आहे, कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपसाठीसुद्धा. नातेवाइकांना बोलावून घेतलंत तर त्यांना फोटोची गरजच पडणार नाही.

१०. पावती मिळते का? करात सूट?

आमचा गट पैसे गोळा करत नाही. वस्तू तुम्हीच आणा, किंवा नोंदणीकृत न्यासाला थेट द्या. तिथे ८०जी प्रमाणपत्र आहे का ते विचारा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सूट नाही, आणि नव्या करप्रणालीत ही वजावट मुळातच मिळत नाही.

११. माहेरचे सगळे हिंदू आहेत. बाबांच्या वर्षाला त्यांना कसं सामावून घ्यायचं?

आपल्याकडे हे घरोघरी आहे. आम्ही पिंडदान करत नाही, नैवेद्य ठेवत नाही. हे आधीच प्रेमाने सांगून टाका, म्हणजे त्या दिवशी कुणाचा अपमान होत नाही. मग त्यांना सेवेला बोलवा. चपात्या लाटताना धर्म आड येत नाही. नंतर घरी भजन ठेवा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) ख्रिस्ती भजनं टाळ-मृदंगावर म्हटली की मावश्या-माम्यांनाही ती परकी वाटत नाहीत.

एका घरी मामा गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहत उभे होते. ख्रिस्ती भाचा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पान त्याने ठेवलं नाही, तासभर सोबत मात्र दिली. त्याला काही जण बोलले. मला त्यात काही चूक दिसत नाही. रडणाऱ्यांबरोबर रडा, असं सांगताना पौलाने कुठलीही अट घातलेली नाही.

१२. फक्त घरच्यांचंच स्मरण करायचं का? ठाण्यातलं जुनं कुणी आहे?

आहे, आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. एप्रिल १३२१मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन बंधूंना ठार मारलं गेलं: टोलेंटिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या वेळी ठाण्यात पौर्वात्य परंपरेची काही ख्रिस्ती कुटुंबं राहत होती आणि हे चौघे त्यांच्याच घरी उतरले होते. त्यांचा सोबती जॉर्डनस याने त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओडोरिक नावाच्या बंधूने त्यांच्या अस्थी समुद्रमार्गे थेट चीनपर्यंत नेल्या.

मासुंदा तलावाकाठी उभं राहून मी कधीकधी त्या अनाम कुटुंबांचा विचार करते. परक्या चौघांना त्यांनी दार उघडलं, जेवू घातलं. चौघांची नावं राहिली, त्या घरच्या बाईचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. एप्रिलमध्ये आमच्या गटातले काही जण त्या बाईच्या स्मरणार्थ, गावात नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबाला जेवायला बोलावतात.

१३. नेत्रदान केलं तर पुनरुत्थानाच्या दिवशी अडचण येईल का? आणि दहन?

येणार नाही. पौल देहाला पेरलेल्या दाण्याची उपमा देतो (१ करिंथ १५). जे पेरतो तेच तसंच्या तसं उगवत नाही. समुद्रात बुडालेल्यांना जो उठवील त्याला दोन बुबुळांची अडचण पडायची नाही.

मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, म्हणून नेत्रपेढीला जितकं लवकर कळवाल तितकं बरं. तोवर पापण्या मिटून ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा, डोक्याखाली उशी द्या. चष्मा किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आड येत नाही. चेहरा विद्रूप होत नाही, दर्शन नेहमीसारखं घेता येतं.

दहनाला कॅथलिक चर्चने १९६३पासून परवानगी दिलेली आहे, मात्र रक्षा विखरू नये, पवित्र जागी ठेवावी असा नियम आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत पाळकांशी बोलून घ्या. दफनभूमीत जागा अपुरी पडते हे आपण सगळे पाहतोच.

रक्तदान करायचं असेल तर वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो. दोन दानांमध्ये पुरुषांनी तीन महिने, स्त्रियांनी चार महिने थांबायचं.

१४. देवावर पूर्ण भरवसा असेल तर विमा, बचत, औषध कशाला?

योसेफाने सात वर्षं धान्य साठवलं म्हणून मिसर वाचला. लूक वैद्य होता. पौलाने तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. ‘उद्याची चिंता करू नका’ या आज्ञेचा अर्थ उद्याची तयारी करू नका, असा होत नाही.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली-बायकांना केडगावला आणलं. देव देईल या भरवशावरच आणलं. पण आणल्यावर त्या प्रार्थना करत बसून राहिल्या नाहीत. शेती उभी केली, विणकाम शिकवलं, छापखाना चालवला आणि १९२२मध्ये देवाज्ञा होईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतरावर राबल्या.

आणि हे कळकळीने सांगते: प्रार्थनासभेतून घरी येऊन गोळ्या बंद करू नका. ओळखीच्या एका बाईंनी शुगरच्या गोळ्या ‘विश्वासाने’ सोडल्या आणि त्यांचा पाय कापावा लागला. शुगर, टीबी, मानसिक आजार, कशाचीही गोळी फक्त डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद होते. जो देव प्रार्थना ऐकतो त्यानेच डॉक्टरांना हात दिलेत.

१५. वडील दारू पिऊन आईला मारायचे. त्यांचं स्मरण कसं करू?

खोटं स्मरण करू नका. शवपेटीजवळ ‘ते फार प्रेमळ होते’ म्हणायला लावणारे नातेवाईक शास्त्रापेक्षा शहाणे नाहीत. मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली तेव्हा दाविदाचं मोठेपण सांगता सांगता बथशेबेला ‘उरीयाची बायको’ म्हटलं (मत्तय १:६). दाविदाने ज्याची बायको घेतली आणि ज्याचा खून करवला, त्याचं नाव पहिल्याच पानावर ठेवलं. प्रभूच्या घराण्यातही पाप झाकलेलं नाही.

तुम्ही आईच्या नावाने सेवा करू शकता. काहीच न करणंही चालतं. गटातली एक मुलगी वडिलांच्या तारखेला दारुड्यांच्या कुटुंबांच्या सभेत चहा करते. ती म्हणते, ‘मी त्यांना माफ केलंय का ते मला माहीत नाही, चहा मात्र मला करता येतो.’ क्षमेची तारीख कुणी ठरवून देत नसतं. त्याबद्दल बोलायचं असेल तर एकटीने सोसू नका, भेटा.

१६. भावाने आत्महत्या केली. त्याचं नाव प्रार्थनेत घ्याल का?

हो. सगळ्यांसारखंच, सगळ्यांबरोबर. तो कसा गेला हे आम्ही विचारत नाही आणि कुणाला विचारू देत नाही. पूर्वी चर्चमधून अशा घरांना फार कठोर वागणूक मिळाली, ती चूक होती. कॅथलिक चर्चची शिकवणही आज सांगते की अशांच्या तारणाची आशा सोडू नये. देवच जाणतो अशा वाटांनी तो त्यांना पश्चात्तापाची संधी देऊ शकतो.

घरात आणखी कुणाच्या मनात तसे विचार येत असतील तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि आम्हालाही रात्री उठवा.

१७. कोविडमध्ये आई गेली, चेहराही पाहता आला नाही. आता इतक्या वर्षांनी काही करता येईल?

येईल. उशीर झाला असं काही नसतं. दफनभूमीत किंवा घरी छोटी स्मरणोपासना ठेवा, तेव्हा राहून गेलेलं बोला. एका मुलाने प्लास्टिकमध्ये गुंडाळून गेलेल्या आईची साडी मांडीवर घेऊन स्तोत्र २३ वाचलं. पुढची सेवा काय करायची ते प्रश्न १ वाचून ठरवा.

१८. इतकी प्रार्थना करूनही मूल गेलं. आता देवावर विश्वास उरलेला नाही. मी सेवेला आले तर ढोंग होईल का?

नाही होणार. स्तोत्र ८८ उघडा. ते अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. ‘माझा अविश्वास घालवून टाका’ असं रडत म्हणणाऱ्या बापाला प्रभूने परत पाठवलं नाही (मार्क ९:२४).

आई गेल्यावर वर्षभर मला गाता येत नव्हतं. गीत सुरू झालं की घसा बंद व्हायचा. शेजारच्या बाकावरच्या बाया गायच्या आणि मी पुस्तक धरून उभी राहायची. मला कुणीही ‘गा’ म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. तुमचं मूल का गेलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांच्यापासून थोडं लांब राहा.

शनिवारी सकाळी साडेसहाला भाजी येते, सातला चिरायला बसतो. साडेआठला बाहेरच्या खोलीत प्रार्थना होते. तुम्ही त्या वेळी आतच चपात्या भाजत राहिलात तरी चालेल. तव्यावर कुणीतरी लागतंच.